पॉवर स्टेअरिंग घुरघुरतंय, जड झालंय? पंप बदलायच्या आधी हे सगळं बघा

लक्षणं आधी लिहितो, तुमच्या गाडीशी जुळतायत का बघा, मग पुढं वाचा.

सकाळी थंड गाडी चालू करून स्टेअरिंग फिरवलं की बॉनेटखालनं गुंऽऽ असा कण्हल्यासारखा आवाज येतो. रेस दिली की आवाज चढतो, स्टेअरिंग सरळ केलं की उतरतो. पार्किंगमध्ये, इंजिन स्लोवर असताना स्टेअरिंग जड लागतं पण रस्त्यावर स्पीड घेतला की ठीक वाटतं. कधी फिरवता फिरवता मधेच गचके बसतात, हलकं-जड-हलकं असं होतं. पॉवर स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं तर आत फेस. डबीतली लेव्हल दर काही दिवसांनी खाली, किंवा गाडी उभी असते तिथं पुढच्या बाजूला लालसर तपकिरी डाग. आणि एक वेगळा प्रकार म्हणजे चालू केल्या केल्या किंवा फुल कट मारल्यावर, म्हणजे स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवल्यावर, चींऽऽ अशी किंचाळी, ती बहुतेक वेळा पंप फिरवणाऱ्या पट्ट्याची असते, पंपाची नाही.

यातलं काहीही घेऊन गॅरेजला गेलात की दहातल्या आठ ठिकाणी एकच उत्तर मिळतं, पंप गेला. घरच्या जुन्या डिझेल गाडीवर, भावाच्या गाडीवर, गल्लीतल्या टुरिस्ट गाड्यांवर मी हेच दुखणं परत परत काढत आलोय. पंप खरंच गेलेला असतो, नाही असं नाही, पण बऱ्याचदा पंप नुसता बोंबलत असतो आणि दुखणं त्याच्या आधी कुठंतरी असतं. आणि पंप खरंच मेला असला तरी तो कशानं मेला ते न बघता नवीन बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो, मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट निघाला.

का ते समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी यावरच आहे. पंपाच्या आत एक रोटर असतो, त्याच्या खाचांमध्ये पातळ पात्या, त्या बाहेरच्या रिंगला घासत फिरतात आणि डबीतलं तेल ओढून पुढं रॅककडं, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्याकडं, ढकलतात. ओढायची बाजू म्हणजे नुसतं डबीतनं खाली येणारं तेल, प्रेशर जवळपास शून्य. ढकलायची बाजू मात्र फुल कटला ७० ते १०० बारच्या घरात जाते. तुमच्या टायरात २ बारच्या आसपास हवा असते, त्यावरनं अंदाज करा. आता ओढायच्या बाजूला तेल कमी पडलं, हवा शिरली, डबीतली जाळी चोक झाली, काहीही झालं तरी पंप उपाशी पडतो आणि तो उपाशी पंप कण्हतो. पात्यांना वंगणही तेच तेल करतं, त्यामुळं उपाशी पंप जास्त दिवस चालवला की तो खरंच मरतो.

सुरुवात करायच्या आधी तुमची गाडी हायड्रॉलिक स्टेअरिंगची आहे का हे बघा. बोलेरो, सुमो, टवेरा, २०१६ पर्यंतची जुनी इनोव्हा, इंडिका-इंडिगो, आयकॉन, पहिली फिगो या हायड्रॉलिक. २००५ पासूनची स्विफ्ट, आय टेन वगैरेंना इलेक्ट्रिक मोटर असते, तेल नाही, डबी नाही, पंपही नाही. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागलाय आणि बॉनेटखाली डबीच सापडत नसेल तर ही पोस्ट तुमच्यासाठी नाही, सरळ स्कॅनर असलेल्या माणसाकडं जा.

पहिली गोष्ट फुकटातली, टायरमधली हवा. हसू नका. पुढच्या दोन्ही टायरात ३२ ऐवजी २० पीएसआय असेल तर स्टेअरिंग जड होणारच, आणि ते जड होतं नेमकं पार्किंगमध्येच, म्हणजे पंप गेल्याच्या लक्षणाशी तंतोतंत जुळतं. कुणी रुंद टायर टाकले असतील तरी तेच. फक्त जड आहे आणि आवाज अजिबात नाही अशी केस असेल तर हवा भरून चार दिवस चालवून बघा, पुढचं वाचायची गरजही पडणार नाही कदाचित.

दुसरं तेल. डबीवर किंवा झाकणाच्या काडीवर हॉट आणि कोल्ड अशा खुणा असतात, गाडी थंड असताना कोल्डच्या खुणेला बघा. लेव्हल कमी निघाली तर नुसती भरून झाकण लावू नका, कारण इंजिन ऑइलसारखं हे तेल चालता चालता जळून कमी होत नाही, सिस्टिम सगळीकडनं बंदिस्त आहे, तेल कमी झालं म्हणजे ते कुठनंतरी बाहेर गेलंच. भरा, पण गळती शोधायचं काम डोक्यात ठेवा.

मग रंग बघा. एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर घ्या. लाल असेल तर चांगलं, तपकिरी झालं असेल तर म्हातारं झालंय, काळं आणि जळका वास असेल तर बदलायलाच पाहिजे. थेंब उन्हात धरला आणि त्यात चंदेरी चमक दिसली तर ती धातूची पूड, पंप आतनं घासतोय, याबद्दल पुढं. गुलाबीसर दुधाळ आणि फेसाळ दिसलं तर हवा शिरतेय.

कुठलं तेल भरायचं ते झाकणावर लिहिलेलं असतं, नाहीतर गाडीच्या पुस्तकात. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, डेक्सरॉन टू किंवा थ्री प्रतीचं, होंडाला त्यांचं स्वतःचं, काही युरोपियन गाड्यांना हिरवं सिंथेटिक. लाल-हिरवं एकत्र करायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक ऑइल यात टाकायचं नाही. दोन्ही डब्या बॉनेटखाली जवळ जवळ असतात आणि पेट्रोल पंपावरच्या पोरानं झाकण चुकवलं असं होतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते स्टेअरिंगच्या रबरी सीलना फुगवून मऊ करतं आणि मग पंप, रॅक सगळीकडनं गळायला लागतं. पडलंच तर इंजिन चालू न करता डबीतलं सगळं सिरिंजनं ओढून काढा. इंजिन चालवून झालं असेल तर पूर्ण फ्लश करावं लागेल, म्हणजे सगळं जुनं तेल काढून नवीन घालावं लागेल.

तिसरं पट्टा. किल्ली खिशात घालून मगच हात घाला. पट्टा पिळून आतली बाजू बघा, चिरा आहेत का, काचेसारखी चकाकी आलीय का, त्यावर तेल पडलंय का. साध्या व्ही पट्ट्याला दोन पुलींच्या मधोमध अंगठ्यानं जोरात दाबलं की साधारण १० मिलिमीटर दबायला पाहिजे, जास्त दबला तर ढिला. ढिला पट्टा फुल कटला घसरतो, कारण त्या क्षणी पंपाला सगळ्यात जास्त ताकद लागते, म्हणून किंचाळी तेव्हाच येते. पण म्हणून करकचून ताणूही नका, पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग जाईल. पट्ट्यावर तेल दिसलं तर पट्टा बदलून उपयोग नाही, आधी ते तेल कुठनं येतंय ते बघा, पुलीच्या मागनं येत असेल तर पंपाचं शाफ्ट सील गेलंय.

एवढ्यात निम्मी दुखणी सुटतात. आता हात काळे करायची वेळ.

गळती शोधायला आधी सगळं पुसून घ्या, पाइप, पंप, रॅकचे रबरी बूट, सगळं फडक्यानं कोरडं. मग एक चक्कर मारून या, रात्री खाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग कुठं पडलाय बघा आणि तिथनं वर वर जा. तेल खाली वाहत येतं आणि गाडी चालताना वाऱ्यानं मागं जातं, त्यामुळं सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला भाग म्हणजे मूळ. परतीच्या पाइपची, म्हणजे रॅककडनं डबीत तेल परत आणणाऱ्या पाइपची, क्लिप ढिली असणं हे सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात स्वस्त. पावसाळ्यात उंदीरमामा इंजिनाच्या उबेला येऊन बसतात आणि रबरी पाइप कुरतडतात, तेही बघा. रॅकच्या दोन्ही टोकांना घडीघडीचे रबरी बूट असतात ते हलके दाबा, आत तेल खळखळलं तर रॅकचं सील गेलंय, तिथं थांबायचं, ते घरचं काम नाही.

इंजिन चालू असताना हात फिरवून गळती चाचपायची नाही. पंपाकडनं रॅककडं जाणाऱ्या जाड प्रेशर पाइपला सुईएवढं भोक असलं तरी त्यातनं येणारं तेल कातडीच्या आत घुसू शकतं, दिसायला नुसता टोचल्यासारखा डाग आणि आतनं हात सडायची वेळ, थेट हॉस्पिटलची केस आहे ती. पुठ्ठा धरून बघा. आणि तेल गरम एक्झॉस्टवर ठिबकत असेल तर गाडी चालवूच नका, एटीएफ पेटतं.

आता माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारी जागा. डबीतनं पंपाकडं येणारा जाड पाइप, ओढायच्या बाजूचा. हा गळत नाही, हवा ओढतो. शहाळ्याची स्ट्रॉ वर चिरलेली असली तर पाणी बाहेर सांडत नाही, नुसती हवाच तोंडात येते, तसंच. त्यामुळं खाली एक थेंब नाही, लेव्हल बरोबर, पट्टा नवा, तरी फेस आणि गुंऽऽ चालूच, आणि मग बिचारा पंप बदलला जातो. हा पाइप दोन्ही टोकांना वाकवून बघा, रबर कडक होऊन बारीक चिरा पडलेल्या असतात, क्लिपखाली तर हमखास. पंपावर हा पाइप जिथं बसतो तिथं काही गाड्यांना ओरिंग, म्हणजे रबराची गोल रिंग असते, जुन्या होंडांमध्ये हा प्रकार प्रसिद्ध आहे, ओरिंग सपाट आणि कडक होते आणि तिथनं हवा जाते. वीस-पंचवीस रुपयाची ओरिंग, तेलाला चालणारी मागा. पाइप बदलताना दुकानदार देईल तो पाण्याचा पाइप घेऊ नका, तो एटीएफनं मऊ पडतो आणि गरम झाला की ओढीनं आत चपटा होतो, म्हणजे आजार परत तोच. त्याच्यावर ऑइल पाइप छापलेलं बघून घ्या.

डबीच्या तळाला बारीक जाळी असते, काही डब्यांत ती उघडून निघते, काहींत डबीच बदलावी लागते. गाडी स्लोवर ठेवून झाकण उघडा, कुणाला तरी थोडी रेस द्यायला सांगा. तेल वर चढून काठाला आलं आणि सावकाश खाली गेलं तर जाळी चोक आहे, परत आलेलं तेल त्यातनं खाली उतरत नाहीये. डबी काढून डिझेलनं धुवा, हवेनं पूर्ण सुकवा, मग नव्या तेलानं एकदा खळबळून ओता आणि बसवा. जाळी काढून फेकून देणारे पण आहेत आमच्याकडं, म्हणतात फ्लो वाढतो. वाढतो, कचऱ्यासकट.

मग तेल बदलणं आणि हवा काढणं. लिटर-दोन लिटर तेल आणि एक दुपार. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर अजिबात नाही. परतीचा पाइप डबीतनं सोडून बाटलीत घाला, डबीचं ते तोंड बुचानं बंद करा. इंजिन बंद ठेवून, किल्ली फक्त स्टेअरिंगचं लॉक सुटेल एवढी फिरवून, स्टेअरिंग या टोकापासनं त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहायचं, जुनं तेल बाटलीत येत जातं, दुसऱ्यानं वरनं नवीन ओतत राहायचं, डबी कोरडी पडू द्यायची नाही. बाटलीत स्वच्छ लाल यायला लागलं की पाइप परत लावा, आणि परत १५-२० वेळा इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासनं त्या टोकापर्यंत. डबीत बुडबुडे येतील, लेव्हल खाली जाईल, भरत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करायचं, स्लोवर, आणि परत सावकाश फिरवायचं, टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचं नाही.

लोक नेमकं उलटं करतात, तेल भरलं की लगेच इंजिन चालू करून गरागरा स्टेअरिंग फिरवतात. पंप त्या हवेचं घुसळून घुसळून बारीक फेसात रूपांतर करतो आणि तो फेस मग तासन्‌तास बसत नाही, आवाज जास्तच होतो, आणि मग परत तेच, पंप गेला. तसं झालंच असेल तर इंजिन बंद करून गाडी रात्रभर सोडून द्या, सकाळी फेस बसलेला असेल, मग वरच्या पद्धतीनं करा. टोकाला धरून न ठेवण्याचं कारण म्हणजे तिथं तेलाला जायला जागाच नसते, पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेच तेल आतल्या आत फिरून भराभर तापतं. फुल कटला जो थोडा आवाज प्रत्येक गाडीत येतो तो याचाच. घाटात वळणावर टोकाला लावून पाच मिनिटं ट्रॅफिक सुटायची वाट बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, इंचभर मागं घ्या की.

चाकं वर आहेतच तर अजून एक बघून घ्या. इंजिन बंद, चाकं अधांतरी, स्टेअरिंग हातानं फिरवा. ते सहज फिरायला पाहिजे. तरीही जड असेल किंवा एका जागी अडकत असेल तर दोष तेलाचा नाही, स्टेअरिंगच्या दांड्याचा जॉइंट गंजलाय, बॉल जॉइंट कडक झालाय किंवा रॅक आतनं अडकतोय. चिखलात आणि समुद्रकाठी फिरणाऱ्या गाड्यांना खालचा जॉइंट गंजणं नेहमीचं. हे मेकॅनिकला दाखवा. आणि डावीकडं हलकं, उजवीकडं जड असं काही असेल तर पंपाला हातच लावू नका, पंपाला डावं-उजवं कळत नाही, ते काम रॅकच्या, किंवा काही गाड्यांत रॅकऐवजी असलेल्या स्टेअरिंग बॉक्सच्या व्हॉल्व्हचं असतं.

एवढं सगळं करून मग पंप दोषी ठरवायचा. त्याचे पुरावे असे. शाफ्टच्या मागनं तेल गळतंय. पट्टा काढून पुली हातानं हलवली तर वर-खाली खेळ लागतो, किंवा फिरवताना खरखर. तेलात धातूची चमक. आणि एक खास लक्षण, थंड असताना स्टेअरिंग हलकं आणि गाडी तापल्यावर जड. तेल गरम होऊन पातळ होतं आणि घासलेल्या पात्यांच्या बाजूनं आतल्या आत निसटतं, म्हणून प्रेशर बनत नाही. शंका असेल तर प्रेशर गेज लावून घ्या गॅरेजमध्ये, नवीन पंपाच्या किमतीपुढं ती मजुरी काहीच नाही.

पंप घेताना जुन्यावरचा नंबर जुळवूनच घ्या, बाहेरनं सारखे दिसणारे पंप आतनं वेगळ्या फ्लोचे असतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला इथं स्क्रॅपमधले पण मिळतात, घ्यायचा असेल तर शाफ्ट हातानं फिरवून बघा, पंपाच्या तोंडाला बोट लावून तेल बघा, काळं असेल तर ठेवून द्या. फक्त सील गेलं असेल आणि खेळ नसेल तर सील किट टाकून तोच पंप चालतो, पण शाफ्टवर खाच पडलेली नको.

बसवणं तसं सरळ आहे. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पट्ट्याच्या मार्गाचा मोबाइलवर फोटो काढा, खाली परात ठेवा, पाइप सोडा, बोल्ट काढा. अडतं ते दोन ठिकाणी. एक, प्रेशर पाइपचा नट. साध्या डबल पान्यानं कडा गोल होतात, ज्याला पाइप आत जायला एक फट असते आणि बाकी सगळीकडनं नट धरतो तसला पाना वापरा, आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. दोन, पुली. बऱ्याच पंपांना ती दाबून बसवलेली असते, ती पुलरनंच निघते आणि प्रेसनंच बसते. हातोडीनं ठोकलीत तर नवीन पंपाचं बेअरिंग गाडीवर चढायच्या आधीच गेलं, ते काम लेथवाल्याकडनं करून घ्या.

जुन्या तेलात धातूची पूड होती ना, मग नवीन पंप लावायच्या आधी पूर्ण फ्लश करा आणि डबी बदला, नाहीतर तीच पूड फिरून नव्या पात्या खाईल. प्रेशर पाइपच्या बोल्टला तांब्याचे वॉशर असतील तर नवीनच टाका, जुने एकदा चेपलेले असतात. पट्टा चढवायच्या आधी डबी भरून पुली हातानं पंपाच्या फिरायच्या दिशेनं फिरवत राहा, म्हणजे पंपात तेल भरतं, कोरडा पंप पहिल्याच स्टार्टला ओरखडतो. मग वर लिहिल्याप्रमाणे हवा काढा.

आणि कुठं थांबायचं ते स्पष्ट लिहितो. प्रेशर पाइप फुटला असेल तर त्यावर पाइप चढवून क्लिपा मारायचा जुगाड करू नका, नवीन घ्या किंवा जेसीबी-ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप क्रिम्प करणाऱ्यांकडनं, आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरला असतात तसल्या दुकानातनं, एटीएफ आणि गरमी सहन करणारा करून घ्या. काही डिझेल इंजिनांवर पंप पट्ट्यावर नसतो, थेट इंजिनाच्या गिअरवर असतो, तो घरी काढू नका. रॅक, स्टेअरिंग बॉक्स, एअरबॅग असलेलं स्टेअरिंग व्हील खोलणं, हे सगळं मेकॅनिकचं. स्टेअरिंगला खेळ आलाय, आपोआप ओढतंय किंवा मधेच अडकतंय, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करा. नुसती मदत गेलेलं स्टेअरिंग जड का होईना फिरतं, त्यानं जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं, पण डबी रिकामी असेल तर तेही नको, आणि पट्टाच तुटला असेल तर आधी बघा तोच पट्टा पाण्याचा पंप पण फिरवतो का, फिरवत असेल तर इंजिन तापून हेड जाईल.

नवीन पंप टाकल्यावर दोन-तीन दिवस रोज सकाळी लेव्हल बघा, उरलेली हवा निघते तशी ती थोडी खाली जाते. नवीन पट्टा टाकला असेल तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण परत तपासा. बाटलीतलं जुनं तेल गटारात ओतू नका, गॅरेजवाले जुन्या ऑइलच्या बॅरलमध्ये घेतात.